हातावर वजन आलं नव्हतं

मी जिममध्ये काम करते म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात, मग दंडाकडं. दोन्हीकडं त्यांना काही सापडत नाही. साठी कधीच ओलांडली आहे, शाळा चौथीपर्यंत झाली आहे आणि कामावर मी साडीच नेसते. नांदेडच्या एका जिममध्ये बायकांची दुपारची बॅच असते, तिथं मला फरशी पुसायला आणि टॉवेल धुवायला ठेवलं होतं. आता माझं मुख्य काम उभं राहायचं आहे. जी बाई पडेल असं वाटतं, तिच्या शेजारी.

हे मी लातूरला शिकले. तिथं हाडांच्या एका दवाखान्यात आया होते. ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा पलंगावरून उतरवून चालवायचं असतं, तेव्हा सोबत आया लागते. तिथल्या मोठ्या सिस्टरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काखेत हात घालून ओढायचं नाही, म्हाताऱ्याचा खांदा निखळतो. हात कंबरेच्या मागं वीतभर लांब ठेवायचा. लावायचा नाही. हात लागला की माणूस त्यावर टेकतं, आणि टेकायची सवय लागली की त्याचं स्वतःचं पोट काम करायचं सोडून देतं. पण वीतभराच्या पलीकडंही न्यायचा नाही, कारण पडणारं माणूस सांगून पडत नाही. बाकी कामं माणूस करून मोकळं होतं. या कामात मोकळं होणं नाही. समोरची बाई बाकड्यावर जाऊन बसेपर्यंत माझ्या छातीत धडधड चालू असते. इतकी वर्षं झाली तरी ती कमी झाली नाही, आणि ज्या दिवशी कमी होईल त्या दिवशी मी काम सोडीन.

जिममध्ये या व्यायामाला कोअर आणि बॅलन्स म्हणतात. घरी सुनेनं विचारलं की कोअर म्हणजे काय. मी म्हटलं, घमेलं डोक्यावर घेऊन चालताना पोटात आणि कमरेत जे ताठ होतं, ते. त्यासाठी पालथं होऊन कोपरांवर अंग तोलायचं, गुडघ्यावर येऊन एक हात पुढं आणि उलटा पाय मागं करायचा, फरशीवर चिकटवलेल्या पट्टीवरून टाचेला बोट लावत चालायचं. अर्ध्या कलिंगडासारखा एक रबरी गोळा असतो, त्यावर उभं राहायचं. बघायला पोरखेळ वाटतो. पोलिसात असलेली एक धिप्पाड पोरगी यायची, लोखंड उचलायला कुणाला ऐकायची नाही. त्या गोळ्यावर डोळे मिटून तिला उभं केलं तर ती माझ्या गळ्यात पडली आणि वर मलाच म्हणाली, "मावशी, तुम्ही हलला." पापड-कुरडयांचा धंदा करणारी दुसरी एक बाई गोळ्यावर चढली की मोठ्यानं नवऱ्याला शिव्या द्यायची. शिव्या देताना तिचा तोल जात नसे. व्यायाम शिकवणाऱ्या आमच्या प्रीती मॅडम म्हणाल्या, देऊ द्या, श्वास तरी चालू राहतो. मॅडम वयानं माझ्या नातीएवढ्या आहेत, लातूरच्या आहेत आणि कामाला पक्क्या आहेत.

सुमनबाई आल्या त्या डाव्या मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर. न्हाणीघरात घसरल्या होत्या. माझ्याच वयाच्या, अंगानं बारीक, नाकात मोरणी. मुलगा कचेरीत आहे, सून अश्विनी हायस्कूलला शिकवते. शेती आणि जुनं घर भोकरकडच्या एका गावात, तिथं धाकटे दीर आणि जाऊ राहतात.

मॅडमनी विचारलं, "काकू, काय करायचंय? वजन कमी?"

"वजन ऱ्हाऊ द्या. मला उंबरा वलांडायचा हाय."

"कुठला?"

"गावाकडल्या घरचा. दोन्ही हात भरलेले असताना."

त्यांच्याकडं महालक्ष्म्या गावाकडच्या घरी बसतात. भाद्रपदात सगळं घर तिथं गोळा होतं. तांदळानं भरलेल्या ताटात पितळी मुखवटा ठेवून, डोक्यावर पदर घेऊन, घरातली थोरली सवाष्ण पहिला मुखवटा दारातून आत आणते. सासू गेल्यापासून हे सुमनबाईंकडं होतं. मागच्या साली त्या उंबऱ्याला ठेचकाळल्या, मुखवटा कलंडला आणि मागून येणाऱ्या धाकट्या जावेनं, वत्सलाबाईंनी, तो वरच्या वर सावरला. पडला नाही. पण नंतर वर्षभर घरात काही झालं की तोच विषय निघायचा. म्हैस आटली तरी तोच. पुढं त्या न्हाणीघरात पडल्या तेव्हा मुलगा आणि सून दोघंही म्हणायला लागले की आता अश्विनीनं आणावी.

"मग आणू द्या की," मी म्हटलं. मी असं तोंडावर बोलते.

"हे हायत तवर मीच आणणार," सुमनबाई म्हणाल्या. "ह्यांचं हृदय कामातून गेलंय. डॉक्टर म्हणतेत जपा, म्हंजी काय ते आपल्याला कळतं. ह्ये गेल्यावर माझ्या हातात कोण ताट देणार हाय?"

बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी. मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. माझा नवरा लवकर गेला. त्यानंतर कुठल्याच घरी माझ्या हातात कुणी ताट दिलं नाही आणि मी मागितलंही नाही.

उन्हाळाभर त्या येत होत्या. सुनेचा पंजाबी ड्रेस आणि पायात नवे पांढरे बूट. एका पायावर उभ्या राहायच्या, दोन्ही हात पसरून, समोरच्या भिंतीवरच्या एका डागाकडं बघत. मी शेजारी असायचे. मॅडम त्यांना खाली बसायला आणि हात न टेकता उठायला पण शिकवायच्या. याचा सुमनबाईंना राग यायचा.

"मला चालायला शिकवा म्हणलं. तुम्ही बसायला काय शिकवून राहिल्या?"

"काकू, तोल गेला की झुंजायचं नाही. खाली बसायचं. बसलेलं माणूस मोडत नाही."

बसणं त्यांना लवकर जमलं. उठणं जमेना. पाय दुमडून घ्यायचे, पोट आत ओढायचं, पुढं झुकायचं आणि वर यायचं, एवढंच आहे ते. पण त्या वयात ते डोंगराएवढं असतं. मी त्यांच्या कोपराखाली दोन बोटं धरायचे. पहिल्यांदा बोटांवर पोतं ठेवल्यासारखं वजन यायचं. मग भाजीच्या पिशवीएवढं. पावसाळा लागेपर्यंत नुसता पदर लागावा एवढं राहिलं. तेवढं मात्र जाईना. बोटं काढून घेतली की त्या अर्ध्यातून खाली बसायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही काढलेलं कळतं मला."

पोळा झाला, गणपती दोन-चार दिवसांवर आले, तेव्हा मॅडमनी घरून स्टीलचं ताट आणलं, त्यात तांदूळ घातले आणि सुमनबाईंच्या हातात दिलं. म्हणाल्या, आता पट्टीवरून चाला. सुमनबाई दोन पावलं चालल्या आणि पहिल्या दिवशीसारख्या झुलायला लागल्या. हात पसरून तोल सांभाळायची सवय झाली होती आणि हात तर ताटात अडकले होते. मॅडम त्यांना "नजर समोर" म्हणाल्या, तर त्या म्हणाल्या, "नजर मुखवट्यावर असती, भिंतीवर कुठं?" मग खाली बघून म्हणाल्या, "आणिक हे बूट? बूट घालून लक्ष्मी आणू का?"

सगळ्या बायका हसल्या. मॅडम पण हसल्या. मग हसणं थांबलं. आम्ही तिघींनी चार महिने जे केलं होतं ते बूट घालून, हात पसरून आणि भिंतीकडं बघून केलं होतं. तिघींच्याही घरी लक्ष्म्या माहीत, आणि एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

मॅडमनी त्याच दिवशी सगळं बदललं. अनवाणी, साडी नेसून, ताट घेऊन, लाकडी पाटावरून पाय टाकत. सुमनबाई सुधारल्या, पण चेहऱ्यावरची ती काळजी काही उतरेना. रोज जाताना मला विचारायच्या, "होईल ना?" मी म्हणायचे, "मला काय माहीत?" खोटा धीर द्यायची मला सवय नाही. रात्री मात्र माझ्याच डोळ्यांपुढं ते ताट यायचं.

आवाहनाच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "गावाकडं चला माझ्यासंगं. स्वयंपाकाला बाई लागती म्हणून सांगितलंय घरी."

"मी तिथं पुढं येऊ शकणार न्हाई."

"माहीत हाय. दिसल्या तरी बास."

भोकरपर्यंत बसनं आणि पुढं जीपनं गेलो. त्यांच्या मालकांजवळ नांदेडला मुलगा थांबला होता, अश्विनी आमच्याबरोबर होती. गावातल्या घरी पोचलो तर मला धक्का बसला. धाकट्या दिरांनी उन्हाळ्यात पुढच्या खोलीत नवी फरशी बसवली होती, तोंड दिसेल अशी गुळगुळीत. आणि दारापासून आतपर्यंत पोरी ओल्या कुंकवाची पावलं उमटवत होत्या.

मी अश्विनीला म्हटलं, "ही पावलं वाळू द्या. पंखा लावा."

"पंखा लावला तर निरांजन विझतंय, मावशी."

"मग फडक्यानं टिपून घ्या."

"लक्ष्मीची पावलं पुसतात का कुठं?" ती हळूच म्हणाली. तिलाही भीती वाटत होती, ते तिच्या आवाजात होतं. तिनं सासूला शेवटचं विचारून पाहिलं, "आई, मी घेऊ का ताट?" सुमनबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

मी स्वयंपाकघराच्या दारात, पिठाच्या डब्यांना टेकून उभी राहिले. तिथून पुढची खोली आणि बाहेरचं दार दोन्ही दिसत होतं. थाळ्या वाजायला लागल्या. आतून बायका विचारायच्या, "कोण आलं?" बाहेरून उत्तर यायचं, "लक्ष्मी आली!" "कशाच्या पावलानं आली?" "सोन्याच्या पावलानं आली!" सुमनबाई उंबऱ्याशी आल्या. डोळे मुखवट्यावर. उजवा पाय उचलला, उंबऱ्याच्या आत ठेवला. मी माझ्या जागी पोट आवळून धरलं होतं. मग डावा पाय आला. उंबरा ओलांडला. मागून वत्सलाबाई दुसरा मुखवटा घेऊन उंबऱ्यावर आल्या. अश्विनीनं माझ्याकडं बघून डोळे मिटले, सुटले एकदाची, असं.

आणि खोलीच्या मधोमध सुमनबाईंची टाच ओल्या कुंकवावरून सरकली.

त्या झुंजल्या नाहीत. पडल्याही नाहीत. गुडघे मोडून सरळ खाली बसल्या, मॅडमनी शिकवलं होतं तशा. ताट हातात तसंच राहिलं. चार दाणे सांडले असतील. मुखवटा ताठ.

थाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या तोंडावर मागच्या सालची आठवण. वत्सलाबाई उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशा अडकलेल्या. त्यांनाच आधी सुचलं. म्हणाल्या, "बसली व्हय? बसू द्या. लक्ष्मी बसली म्हंजी घरात ऱ्हायली." दोघी-तिघींनी "हाव, हाव" केलं. मग वत्सलाबाई म्हणाल्या, "अक्का, ताट अश्विनीकडं द्या आणिक उठा."

"न्हाई," सुमनबाई म्हणाल्या.

त्यांनी पाय दुमडून घेतले. साडीचा काठ गुडघ्याखाली अडकला होता तो हलून हलून सोडवला. पुढं झुकल्या आणि थांबल्या. हात न टेकता, माझी बोटं नसताना त्या एकदाही उठल्या नव्हत्या, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्यांनी मुखवट्यावरची नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. "या" म्हणाल्या नाहीत. नुसतं बघितलं.

मी विचार केला असं सांगितलं तर ते खरं नाही. अर्ध्यातून मागं पडल्या तर डोकं फरशीवर आपटेल, एवढंच दिसत होतं मला. मी गेले. एक बाई म्हणाली, "अहो, तुम्ही नका..." बायकांनी वाट दिली. मी सुमनबाईंच्या मागं वाकले आणि कोपराखाली दोन बोटं ठेवली.

त्या उठल्या.

बोटांवर काही आलं नाही. पदर लागावा तेवढंही नाही. माझी बोटं त्यांच्या कोपराबरोबर वर गेली, एवढंच. त्या सरळ उभ्या राहिल्या, पुढचं पाऊल टाकलं आणि थाळ्या परत सुरू झाल्या. त्यांनी लक्ष्मीला स्वयंपाकघर दाखवलं, धान्याची खोली दाखवली आणि नेऊन मांडवात बसवलं. मी परत पिठाच्या डब्यांपाशी गेले.

संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला आणि बायका जेवायला बसल्या. मी भाकऱ्या वाढत होते. वत्सलाबाई मनानं वाईट नाहीत. चांगल्या तोंडानंच म्हणाल्या, "अक्का, पुढल्या सालापासून अश्विनी आणंल. तुम्हाला आता आधार लागून राहिला."

"आधार न्हाई लागला."

"समद्यांनी बघितलं की."

सुमनबाईंनी माझ्याकडं मान वळवली. "तुम्ही सांगा. वजन आलं व्हतं का हातावर?"

भाकरी माझ्या हातातच होती. मी म्हटलं, "न्हाई. बिलकुल न्हाई. त्या आपल्या आपण उठल्या."

वत्सलाबाईंनी मला खालीवर बघितलं. "मग हात कशाला लावला?"

सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. विधवेचा हात लागला असं कुणी बोललं असतं तर मला उत्तर देता आलं असतं, तसली उत्तरं माझ्याकडं भरपूर आहेत. पण ते कुणीच बोललं नाही. विचारलं ते हे, आणि ते बरोबर विचारलं होतं. मी भाकरी वाढली आणि पुढं सरकले. पुढच्या सालचं तिथंच ठरलं.

परतीच्या जीपमध्ये सुमनबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "पडल्या असत्या तर?"

"पडले असते तर पडले असते," त्या म्हणाल्या. मग भोकरला जीपमधून उतरताना, "मीच बघितलं तुमच्याकडं. तुमचं काय चुकलं?"

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. परत तसंच घडलं तर मी परत जाईन, यात मला शंका नाही. डोकं फुटलेली माणसं मी लातूरला पाहिली आहेत. पण हेही खरं की मी जागेवर उभी राहिले असते तर त्या उठल्याच असत्या, कारण त्या उठल्याच होत्या. ते फक्त माझ्या दोन बोटांना माहीत आहे, आणि बोटांची साक्ष कुणी धरत नाही.

मला वाटलं होतं, आता त्या जिमला येणार नाहीत. विसर्जन झालं आणि सोमवारी दुपारी त्या दारात उभ्या. साडी नेसलेल्या, अनवाणी, पिशवीत स्वतःचं ताट. मॅडमनी विचारलं, "काकू, कसं झालं?"

"झालं. पुढल्या सालचं करायचंय."

"घरच्यांनी तर..." मी बोलायला गेले.

"घरच्यांचं घरचे बघतील. ह्ये हायत अजून." त्यांनी ताटात तांदूळ ओतले. मी नेहमीसारखी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं न बघता बाकड्याकडं बोट केलं. "तुम्ही तिकडं बसा."

मॅडमनी मला मानेनं खूण केली, बसा म्हणून. त्यांनी सुमनबाईंच्या मागं जाड गादी ओढून घेतली. मी बाकड्यावर जाऊन बसले. सुमनबाई ताट घेऊन फरशीवर बसल्या, पाय दुमडले, पुढं झुकल्या, अर्ध्यात आल्या आणि कलल्या. तांदूळ सांडले. मी उठलेच होते.

"बसा म्हणलं ना!"

मी बसले. तेव्हापासून रोज दुपारी असंच चाललं आहे. कधी उठतात, कधी कलून गादीवर पडतात, तांदूळ गोळा करतात आणि परत बसतात. आल्या आल्या मी मालकांची तब्येत विचारते, त्या "हायत" म्हणतात आणि बाकडं दाखवतात. मला हे काम अजिबात जमत नाही. म्हणून त्या ताट हातात घेतात तेव्हा मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यावर बसते.